आण्णांपेक्षा चार वर्षांनी लहान

वॉर्साच्या ओल्ड टाउनच्या चौकात पोचल्या पोचल्या आण्णांनी काय केलं असेल तर एका घराच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, अगदी तसं. मग तळवा टेकवून थोडा वेळ उभे राहिले. आयुष्यभर पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर म्हणून काम केलंय त्यांनी, भिंत दिसली की हात लावायचा ही सवय रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी गेली नाही. मी आपली फोटो काढण्यात दंग, कारण चौक आहेच तसा, चारी बाजूंनी तीन-तीन चार-चार मजली अरुंद घरं एकमेकांना खेटून उभी, एक पिवळं, एक गेरूच्या रंगाचं, एक हिरवट, कुणाच्या भिंतीवर चित्रं कोरलेली, दारांवर दगडी कमानी, आणि मधोमध तलवार उगारलेली जलपरी, तीच या शहराची खूण आहे, बसवर ट्रामवर सगळीकडे दिसते.

तेवढ्यात माझा भाऊ म्हणाला, "आण्णा, ही घरं तुमच्यापेक्षा लहान आहेत बरं का."

आण्णा १९४९ चे. आणि हा चौक पुन्हा बांधून लोकांसाठी उघडला तो २२ जुलै १९५३ ला. म्हणजे आण्णा चार वर्षांनी मोठे. आण्णांनी हात काढला नाही, फक्त म्हणाले, "तरीच. जुन्या भिंतीला पोट येतं, ही सरळ ओळंब्यात आहे."

भाऊ दोन वर्षं झाली वॉर्साला कामाला आहे म्हणून आमचं जाणं झालं, नाहीतर युरोप म्हटलं की आपल्याकडे पॅरिस, रोम, फार तर प्राग. पोलंडला जायचं ठरलं तेव्हा पण बऱ्याच जणांनी सांगितलं की क्रॅकूवला जा, ते खरं जुनं आहे, युद्धातून वाचलेलं, वॉर्सामध्ये काय सगळं नवीनच बांधलंय. हे 'काय सगळं नवीनच' मला जाताना पटलं होतं, येताना अजिबात पटलेलं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले. आई गुडघ्यांमुळे आली नाही, तिला रोज व्हिडिओ कॉलवर दाखवत होतो, पण काही गोष्टी कॉलवर दाखवता येत नाहीत.

थोडक्यात जे झालं ते असं. युद्धाआधी हे तेरा लाख वस्तीचं शहर होतं. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनांनी बॉम्ब टाकले, मग पाच वर्षं त्यांचा ताबा. १ ऑगस्ट १९४४ ला संध्याकाळी पाच वाजता शहरातल्या लोकांनी उठाव केला, ६३ दिवस लढले, त्यात दीड ते दोन लाख साधी माणसं गेली. उठाव मोडल्यावर उरलेल्यांना शहराबाहेर काढलं आणि मग रिकाम्या शहरात जर्मन तुकड्या घरोघर फिरून आग लावत, सुरुंग लावत सुटल्या. लढाई संपली होती, समोर कुणी नव्हतं, तरी. लायब्ररी, राजवाडा, चर्च, राहती घरं, एकेक करून. जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा आत आल्या तेव्हा शहराचा साधारण ८५ टक्के भाग पडलेला होता.

हे वाचून माहीत असतं. पण त्या चौकाजवळच या पुनर्बांधणीची गोष्ट सांगणारं एक छोटं केंद्र आहे, तिथं आम्ही तासभर होतो आणि तिथले फोटो बघून मी गप्प झाले. आत्ता ज्या चौकात लोक आइस्क्रीम खात बसलेत तिथं गळ्याएवढे विटांचे ढीग, आणि मधे एखादी भिंत, तिच्यातल्या खिडकीच्या चौकटीतून आभाळ दिसतंय. आणि त्या ढिगांवर माणसं, बायका, हातानं विटा उचलून एकाकडून दुसऱ्याकडे देतायत. राजधानी दुसरीकडे हलवायची का यावरही तेव्हा बोलणं झालं होतं. पण लोक थांबलेच नाहीत, परत येऊन तळघरांमध्ये राहायलासुद्धा लागले. फेब्रुवारी १९४५ मध्ये, म्हणजे युरोपातलं युद्ध अजून चालू असताना, राजधानी परत बांधण्यासाठी ऑफिस काढलं. विटा कमी पडल्या तर व्रोत्सुआव आणि श्चेचिन या शहरांतून पाडलेल्या घरांच्या विटा आणल्या.

पण आण्णांना सगळ्यात भिडलं ते वेगळंच. बांधलं कशावरून? म्हणजे खिडकी किती रुंद होती, कमान कुठून वळत होती, हे कुणाला माहीत? तर युद्धाच्या आधी वॉर्साच्या पॉलिटेक्निकमधल्या आर्किटेक्चरच्या मुलांना अभ्यास म्हणून जुन्या इमारतींची मापं घ्यायला लावायचे. टेप घेऊन जायचं, मापायचं, कागदावर उतरवायचं. सबमिशनच की ते, आपली मुलं रात्र रात्र जागून करतात तसलं. युद्धात तिथल्या शिक्षकांनी ती ड्रॉइंग्ज जपली, आणि १९४४ च्या शेवटी, शहर जळत असताना, ती बाहेर काढून पिओत्रकुव नावाच्या गावातल्या मठात लपवून ठेवली. युद्ध संपल्यावर तेच कागद पुढ्यात घेऊन बांधकाम झालं. यान झाखवातोविच नावाचे प्राध्यापक या कामाच्या पुढे होते. त्या ऑफिसचं सगळं दफ्तर युनेस्कोनं २०११ मध्ये जागतिक स्मृतीच्या नोंदीत घेतलं, आणि ओल्ड टाउन तर १९८० मध्येच जागतिक वारसा झालं होतं, ते जुनं आहे म्हणून नव्हे, इतकं सगळं नव्यानं उभं केलं म्हणून.

आण्णा त्या ड्रॉइंगसमोर वाकून, चष्मा कपाळावर चढवून, इतका वेळ उभे होते की तिथल्या बाईंनी खुर्ची आणून दिली. नंतर बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "पोरांनी मापं घेतली म्हणून."

दुसऱ्या दिवशी राजवाडा. त्याच्या समोर झिग्मुंट राजाचा उंच खांब आहे, याच राजानं सोळाव्या शतकाच्या शेवटी दरबार क्रॅकूवहून इकडे हलवायला सुरुवात केली. खांब पहिल्यांदा १६४४ मध्ये उभारला, १९४४ च्या उठावात पडला, १९४९ मध्ये परत उभा केला. पण पडलेल्या जुन्या खांबाचे तुकडे त्यांनी फेकून दिले नाहीत, राजवाड्याच्या कडेला आडवे ठेवलेत, गोळ्यांनी टवके उडालेले. पर्यटक उभ्या खांबाचा फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही गेलात तर आडवा खांब बघितल्याशिवाय येऊ नका.

राजवाडा तर फारच उशिरा झाला. १९३९ मध्ये बॉम्ब पडले तेव्हा राष्ट्रीय संग्रहालयाचे प्रमुख स्टानिस्वाव लोरेन्त्स आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी जीव धोक्यात घालून आतली चित्रं, लाकडी पॅनेल, प्लॅस्टरच्या नक्षीचे तुकडेसुद्धा काढून नेले. जर्मनांनी भिंतींना सुरुंगासाठी हजारो भोकं पाडून ठेवली होती, १९४४ मध्ये उडवला. मग कितीतरी वर्षं तिथं मोकळं मैदान. बांधायचं ठरलं १९७१ मध्ये, लोकांनी वर्गणी दिली, आणि लोकांना आत सोडलं १९८४ मध्ये. टॉवरवरचं घड्याळ १७ सप्टेंबर १९३९ ला सव्वाअकराला बंद पडलं होतं, ते १९७४ च्या जुलैमध्ये त्याच वेळेला, सव्वाअकरालाच चालू केलं. आजही रोज सव्वाअकराला तिथून तुतारी वाजते. आम्ही मुद्दाम थांबलो होतो. आतल्या भिंतींमध्ये मधेच एखादा काळवंडलेला, कडा तुटलेला दगड दिसतो, बाकी सगळं गुळगुळीत नवं आणि तो एकटा जुना, वाचवलेले तुकडे त्यांनी जिथल्या तिथे परत बसवलेत. आण्णांनी मला असे चार-पाच दगड शोधून दाखवले. त्यांचं बोट न चुकता तिथंच जात होतं.

आणि तिथं ती चित्रांची खोली आहे. बेर्नार्दो बेलोत्तो, प्रसिद्ध कानालेत्तोचा भाचा, अठराव्या शतकात इथल्या राजाकडे चित्रकार होता. त्यानं वॉर्साचे रस्ते काढले, बावीस चित्रं आहेत त्या खोलीत. इतकी बारीक की खिडक्या मोजता येतात, घोडागाडी, कुत्री, भिकारी, सगळं. ही चित्रंसुद्धा जर्मनांनी नेली होती, युद्धानंतर परत मिळाली आणि बांधताना त्यांचाही आधार घेतला. चित्रकार म्हणून त्यानं कुठे कुठे पदरची सजावट घातली होती, ती पण काही ठिकाणी खऱ्या इमारतीत उतरली असं म्हणतात. म्हणजे आधी जे नव्हतंच ते आता आहे. यावर मी आणि भाऊ वाद घालत बसलो, की मग हे खरं का खोटं. मला विचाराल तर खरं. देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणून आपण देव बदलला म्हणत नाही.

दुपारी जेवायला मिल्क बारमध्ये. नाव ऐकून आण्णा खूष, कारण आमच्या कोल्हापुरात गंगावेशीचा दूधकट्टा, समोर म्हैस पिळून ग्लास हातात देतात, तसलं काही असेल असं त्यांना वाटलं. इथं तसं नाही, साधं स्वस्तातलं जेवण मिळतं, काउंटरवर पैसे देऊन चिठ्ठी घ्यायची, खिडकीतून थाळी घ्यायची. नावात दूध आहे कारण सुरुवातीपासून दुधातुपाचे, पिठाचे साधे पदार्थ देतात. आम्ही पिएरोगी घेतले, म्हणजे आतून बटाटा आणि पनीरसारखं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्याच, आणि एक थंड गुलाबी सूप, बीट किसून दह्यात, वर भरपूर शेपू. शेपू! इथं सगळ्यावर शेपू असतो. आण्णांना शेपूची भाजी प्राणापेक्षा प्रिय, आमच्या घरात बाकी कुणी तोंड लावत नाही, त्यामुळे ते अगदी माहेरी आल्यासारखे जेवले.

रिकाम्या थाळ्या आण्णांनी स्वतः उचलून खिडकीत नेऊन दिल्या. आतल्या बाई, साठीच्या असतील, पांढरी टोपी, हात ओले, त्यांनी थाळ्या घेतल्या आणि म्हणाल्या, "जेंकुये."

आण्णा तिथंच थांबले. मागं रांग होती, तरी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणाली गं ती?"

"थँक्यू म्हणाली, आण्णा. पोलिशमध्ये जेंकुये म्हणतात."

आता हे सांगायला मागं जायला लागेल. आण्णांची आई, म्हणजे माझी आज्जी, तिचं माहेर वळिवडे. कोल्हापूरजवळच्या याच वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. १९४० पासून रशियनांनी पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियाकडे नेलेले हे लोक, तिथून सुटून इराणमार्गे आपल्याकडे पोचले. कौलारू बराकींच्या ओळी, शाळा, चर्च, सगळं होतं तिथं. ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीनंतर आलेले सिंधी लोक वसले, तेच आजचं गांधीनगर, जिथं आम्ही लग्नाचा बस्ता बांधायला जातो. आज्जी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, वडलांबरोबर छावणीत दूध घालायला जायची. ती म्हातारपणी पण सांगायची, एक गोरी बाई होती, भांड्यात दूध ओतून घेतलं की रोज हात जोडून म्हणायची, 'जिंकूया'. आज्जीला वाटायचं युद्ध चालू आहे, हिचा देश गेलाय, म्हणून ही रोज म्हणते जिंकूया. आणि आज्जी पण तिला म्हणायची, "व्हय बाई, जिंकूया." आमच्या घरात हा शब्दच होऊन बसला. दहावीच्या पेपरला जाताना आज्जीनं मला दही दिलं होतं आणि म्हणाली होती, जिंकूया. आण्णांना नोकरीवर जाताना पण तेच म्हणायची म्हणे.

ऐंशी वर्षांनी एका खिडकीतून कळलं की ती बाई रोज दुधाबद्दल आभार मानत होती.

आण्णा परत खिडकीशी गेले आणि त्या बाईंना म्हणाले, "जिंकूया." त्यांनी मान हलवून हसून अजून काहीतरी म्हटलं, ते आम्हाला कळलं नाही. बाहेर येऊन आण्णा बराच वेळ बाकावर बसून होते, आम्ही दोघंही काही बोललो नाही. आज्जी जाऊन सोळा वर्षं झाली.

आता जे लिहायचंय ते थोडं जड आहे पण ते सोडून वॉर्साबद्दल लिहिणं बरोबर नाही. ओल्ड टाउनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर मुरानुव नावाचा भाग आहे. युद्धाआधी शहरातली जवळजवळ तीस टक्के माणसं ज्यू होती, आणि हा त्यांचा गजबजलेला भाग. १९४० मध्ये जर्मनांनी भोवती भिंत घालून चार लाखांहून जास्त माणसं आत कोंडली, १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांना गाड्या भरभरून त्रेब्लिन्काच्या छावणीत मारायला नेलं, एप्रिल १९४३ मध्ये उरलेल्यांनी उठाव केला, त्यानंतर सगळा भाग जमीनदोस्त. ती भिंत जिथून जात होती तिथं फुटपाथवर लोखंडी पट्ट्या बसवल्यात, चालता चालता पायाखाली येतात.

इथं जवळजवळ काहीच परत बांधलेलं नाही. ढिगारा इतका होता की तो उपसलाच नाही, त्याच्यावरच नव्या वसाहती उभ्या केल्या. म्हणून काही इमारती रस्त्यापेक्षा उंचावर आहेत, दाराशी जायला पायऱ्या चढाव्या लागतात, आणि चढ कशाचा आहे ते कळल्यावर पाय उचलत नाही. ओल्ड टाउनची खिडकी न् खिडकी परत आली, इथली एक गल्ली आली नाही. मला हे फार लागलं. परत बांधायला मापं लागतात हे खरं, पण कुणाची मापं घ्यायची, कुणाचं परत उभं करायचं, हेही कुणीतरी ठरवतं, आणि ज्यांचं होतं ती माणसंच उरली नाहीत तर मागणार कोण.

तरी त्यांनी मागे ठेवलंय. इमानुएल रिंगेलब्लुम नावाचे इतिहासकार घेट्टोमध्ये, म्हणजे त्या भिंतीच्या आत, होते, त्यांनी चोरून माणसं जमवून सगळं लिहायला लावलं, डायऱ्या, पत्रं, रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, चॉकलेटचे कागदसुद्धा जपून ठेवले. ते लोखंडी पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून तळघरात पुरलं. पेट्या १९४६ मध्ये सापडल्या, दोन कॅन १९५० मध्ये. त्वोमात्सक्ये रस्त्यावरच्या संस्थेत त्यातला एक कॅन ठेवलाय. गंजलेला, कानाचा, आपल्याकडे गवळ्याच्या सायकलला अडकवलेला असतो तसाच दिसतो. आण्णा काचेजवळ गेले, बघितलं, आणि मागे येऊन माझा हात धरला. ते असं कधी करत नाहीत.

तिथून जवळच क्राशिन्स्की बागेशी, इटलीतल्या मॉन्ते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाला लागून, कोल्हापूरचं स्मारक आहे. हो, कोल्हापूरचं. वळिवड्याच्या छावणीची आठवण म्हणून. २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं गेले होते तेव्हा आपल्या पेपरांत फोटो आले होते, तेवढंच मला ठाऊक होतं. मोठं काही नाही, एका कडेला आहे, बाजूच्या रस्त्याला जनरल आंदेर्सचं नाव आहे, त्यांच्याच सैन्याबरोबर ती बायकापोरं रशियातून बाहेर पडली होती. खरं तर वळिवड्यातले बरेच लोक इकडे परत आलेच नाहीत, त्यांची गावंच रशियाकडे गेली होती, मग कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला गेलं. आज्जीची ती बाई कुठं गेली कोण जाणे. परक्या लिपीत, परक्या उन्हात कोल्हापूरचं नाव वाचताना मला हुंदका आला, आणि मी तो आवरला नाही.

१ ऑगस्टला आम्ही तिथंच होतो. संध्याकाळी पाचला भोंगे वाजले आणि चालता रस्ता थांबला. ट्राम थांबल्या, गाड्यांतून माणसं उतरून उभी राहिली, सायकलवरचा पोरगा पाय टेकून उभा, एका बाईच्या हातात भाजीची पिशवी, ती पण खाली न ठेवता तशीच उभी. एक मिनिट. मग सगळं परत चालू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी उठले तर आण्णा डायनिंग टेबलवर. भाच्याच्या वहीतलं चौकटीचं पान, पेन्सिल, पट्टी. आमचा शिवाजी पेठेतला वाडा काढत होते. तो १९९६ मध्ये पाडला, तिथं आता अपार्टमेंट आहे. भाऊबंदांच्या वाटण्या, पावसाळ्यात गळायचा, ठेवणं परवडत नव्हतं, कुणाचीच चूक नाही. पण ज्या माणसानं हयातभर दुसऱ्यांच्या इमारतींची मेजरमेंट बुकं भरली, त्यांनी स्वतःच्या घराचं एक माप लिहून ठेवलं नव्हतं, आणि हे ते माझ्याशी बोलले नाहीत, पण पेन्सिल ज्या जोरानं दाबत होते त्यावरून मला कळत होतं. दिंडी दरवाजा, आत डाव्या हाताला सोपा, बारा फूट बाय सोळा. माजघर, त्यात धान्याच्या कणगीचा कोपरा. देवाचा कोनाडा. मागं न्हाणी आणि परडं, परड्यात पेरूचं झाड, ते पण काढलं, गोल करून.

जिन्याशी अडले. माडीवर जायचा लाकडी जिना, पायऱ्या किती? नऊ लिहिलं, खोडलं, परत नऊ लिहिलं. मग म्हणाले, अक्काला लाव फोन. आत्या गडहिंग्लजला असते, तिकडे साडेनऊ वाजून गेले होते, देवपूजा करून बसली होती.

"अक्का, आपल्या माडीच्या जिन्याला पायऱ्या किती होत्या?"

पलीकडे थोडा वेळ शांत. मग आत्या म्हणाली, "दहा. खालची पहिली दगडी होती की रे, ती धरलीस का न्हाई तू?"

आण्णांनी माझ्याकडे बघून खोडरबर मागितला.